बरगे घालायच्या दिवसांत: भोगावती-पंचगंगेच्या काठाने सहा दिवस

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचा दिवस एका आकड्याने उजाडतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती फुटांवर आहे, हे पेपर हाती पडण्याआधीच फोनवर कळलेले असते; ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. हाच बंधारा दिवाळीनंतर काय करतो, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. पूर ओसरून नदी पात्रात परतली की त्याच्या खांबांमधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, घातले जातात आणि पावसाळाभर ज्या पाण्याला वाट दिली त्यालाच पुढचे सात-आठ महिने अडवले जाते. माझे आजोळ भोगावतीच्या काठी आहे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत त्या अडवलेल्या पाण्यात मी पोहायला शिकलो. पण बरगे पडताना कधी पाहिले नव्हते. या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेच्या आधीचे काही दिवस मोकळे मिळाले, तेव्हा ते काम पाहायचे आणि त्या निमित्ताने राधानगरीच्या तलावापासून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंतच्या सखल पट्ट्यात गावे पाण्याच्या हिशेबाने कशी वसली आहेत तेही पाहायचे, असे ठरवून निघालो.

पहिला दिवस: शहरातली तळी, असलेली आणि बुजलेली

पुण्याहून निघून दुपारी कोल्हापूर गाठले. धाकटा मामेभाऊ मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभाच होता. "दादा, तळी बघायची म्हणालास न्हवं? मग आधी मैदान बघूया," असे म्हणून त्याने गाडी थेट गांधी मैदानावर नेली. मला आधी ती चेष्टा वाटली. मैदानाच्या कडेला उभे राहिल्यावर मात्र लक्षात आले की ते भोवतालच्या वस्तीपेक्षा बरेच खाली, बशीसारखे आहे. ते वरुणतीर्थ नावाचे तळे होते. तळे बुजले तरी त्याच्याकडे येणारा उतार तसाच राहिला, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की पाणी अजूनही जुन्या सवयीने तिथेच येऊन बसते आणि पोरांचे क्रिकेट बंद पडते. कपिलतीर्थाची भाजी मंडई झाली, पद्माळ्याचे आणि सिद्धाळ्याचे उद्यान झाले, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी स्टेडियम आले. कोटितीर्थ तेवढे अजून पाण्याचे आहे. कोल्हापूरच्या जुन्या पेठांतून फिरताना चढ-उतार इतके का लागतात, याचे उत्तर या नावांत आहे. तळी खोलगट जागी होती आणि वस्ती त्यांच्या काठाकाठाने, थोड्या उंचीवर होती.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. मूळची ही दगडाची खाण; भूकंपाने जमीन खचली आणि पाणी भरले, असे सांगतात. काठावरच्या नंदीबद्दलही एक आख्यायिका आहे की तो रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो आणि ज्या दिवशी तो तळ्यात पोहोचेल त्या दिवशी प्रलय होईल. प्रलयापेक्षा जलपर्णीची आणि सांडपाण्याची काळजी अधिक खरी आहे, हे चौपाटीवर भेळ खाताना येणारा वास सांगत होता. मला रंकाळ्याजवळची 'धुण्याची चावी' ही जागा पाहायची होती. तळ्यात उतरून कपडे धुऊ नयेत म्हणून पाणीच बाहेर काढून धुण्यासाठी वेगळी सोय करायची, हा विचार आजच्या कितीतरी फलकांपेक्षा शहाणा आहे. कळंब्याच्या तलावाचेही तसेच. तो शहराहून उंचावर बांधल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथले पाणी नुसत्या उताराने कोल्हापुरात येऊ लागले. आता २०२३ पासून काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाईपलाइनने येते, आणि तळी फिरायला जाण्यापुरती उरली आहेत.

रंकाळ्यातला संध्यामठ पाहायचा असेल तर उन्हाळ्यात यावे. पाणी उतरल्यावरच तो नीट दिसतो. दिवाळीनंतर त्याचे छतही शोधावे लागते.

दुसरा दिवस: आजोळचे गाव आणि न आलेली माणसे

राधानगरीच्या रस्त्याला लागले की पुईखडीचा चढ संपताच डावी-उजवीकडे ऊस सुरू होतो. हळदी ओलांडून पुढे गेल्यावर आमची पाणंद येते. ऊस इतका उंच होता की नदी शेवटच्या वळणापर्यंत दिसली नाही. मामा ओसरीवर बसले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, आवाज खणखणीत.

"मामा, बरगे आज घालणार म्हणे?"

"म्हनत्यात. जाऊन बस बंधाऱ्यावर. पर च्या पिऊन जा."

चहा पिऊन गेलो आणि बारा वाजेपर्यंत बसलो. बरगे काठावर रचलेले होते, माणसे आली नाहीत. दुपारी कळले की वर राधानगरीतून वीजघरामार्गे सोडलेले पाणी अजून जास्त आहे. ते कमी केल्याशिवाय खाली गाळ्यांत उतरता येत नाही. फेरी फुकट गेली असे आधी वाटले, पण त्यामुळे उरलेली दुपार मामांबरोबर गाव पायी फिरण्यात गेली आणि सगळ्या प्रवासातला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

लहानपणापासून पाहिलेले गाव मी त्या दिवशी पहिल्यांदा आडवे कापून पाहिले. नदीपासून चालायला सुरुवात केली तर आधी लागते ती मळी. पुराचे पाणी दरवर्षी हिच्यावर पसरते आणि गाळ टाकून जाते. पूर्वी मळीत पावसाळी पीक कोणी भरवशाने घेत नसे. पाणी उतरल्यावर त्या ओलीवर शाळू पेरायचा, काठाला वांगी-मिरची लावायची आणि पुढच्या मृगापर्यंत रान मोकळे करायचे. मळीच्या वर जमीन हलकेच चढते, तिथे विहिरी आणि बागायत. त्याच्यावर टेकाडावर गावठाण, आणि गावठाणातही सगळ्यांत उंच जागा ग्रामदैवताची. गावाच्या पाठीमागे माळ, म्हणजे गुरांची चरणी, खळी आणि आणीबाणीची जागा. पाणंदी सगळ्या नदीला काटकोनात धावतात, कारण प्रत्येक भावकीला चारही प्रकारच्या जमिनीचा तुकडा हवा असे आणि पूर आला की गुरे सरळ रेषेत वर काढता यावी लागत. नदीला समांतर जाणारा रस्ता मामांच्या लहानपणी गावात नव्हताच.

"मग घरं पाण्यापासनं लांब बांधली, असं?" मी विचारले.

"लांब न्हवं, उंच. रोजचं पाणी आणायला बाया जात हुत्या, लांब कसं चालंल? नदीनं एकदा घर बघितलं की ती परत येती. म्हणून तिला दिसू न्हाई एवढं उंच."

त्यांनी जुन्या वाड्याचे जोते दाखवले. जोते माझ्या कमरेएवढे, वर पोटमाळा, आणि माळ्याला बाहेरून एक खिडकी. ती हवेसाठी असेल असे मी समजत होतो. पाणी जोत्यावर चढले की धान्य माळ्यावर आणि माणसे या खिडकीतून नावेत, असा तिचा उपयोग होता.

बागायतीच्या पट्ट्यात मोटेच्या विहिरीचे अवशेष अजून आहेत. बैल उतरायची धाव आता गवताने भरली आहे, आणि मोट रिकामी होई ते दगडी थारोळे फुटके असले तरी जागेवर आहे. थारोळ्यातून पाटाला, पाटातून सरीला आणि सरीतून वाफ्याला पाणी जायचे. एका विहिरीवर तीन-चार घरांचा हिस्सा असे आणि हिस्सा पाण्याचा नसून वेळेचा असे. कोणाची पाळी सूर्य उगवल्यापासून दुपारपर्यंत, कोणाची दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. आता नदीवरून उपसा करणारी पाणीपुरवठा संस्था आहे, पाटकरी आहे, पाळीचा कागद भिंतीला चिकटवलेला आहे. हिशेब मात्र अजूनही वेळेचाच. मामांच्या मते गावातली निम्मी भांडणे पाळीवरून होतात, आणि उरलेली बांधावरून.

गावाचा आकार बदलला तो उपशाच्या पाण्याने. पाणी पाईपातून कुठेही जाऊ लागले, तेव्हा माळावरही ऊस आला आणि मळीही बारमाही उसाखाली गेली. रस्ता सखलात आला तसे नवे बंगलेही सखलात उतरले. त्यांची जोती वीतभर. मळीत घर बांधणाऱ्याला मी सहसा दोष देत नाही, कारण गावठाणात जागा उरलेली नाही हे खरे आहे; पण जुन्या वाड्याच्या खिडकीखालून त्या बंगल्यांची ओळ पाहताना २०१९ आणि २०२१ च्या पुराचे फोटो डोळ्यांपुढून हलत नव्हते.

रात्री मामींनी शाळूची भाकरी, वांग्याचे भरीत, खर्डा आणि चमच्याने कापावे लागेल असे म्हशीचे दही वाढले. "पुण्यात मिळतं का असलं?" या प्रश्नाला एकच उत्तर अपेक्षित असते, ते दिले.

तिसरा दिवस: राधानगरीचा तलाव आणि अवकाळी पाऊस

सकाळी भाऊ आणि मी राधानगरीकडे निघालो. नदी जसजशी वर जाते तसतसे खोरे आवळत जाते, ऊस विरळ होतो आणि भाताची खाचरे सुरू होतात. धरण फेजिवड्याजवळ भोगावतीवर आहे. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानचे पाटबंधारे धोरण आखून विहिरी-तळ्यांची पाहणी करवली आणि त्यानंतरच्या दशकात हे धरण हाती घेतले. गावाला नाव दिले आपल्या कन्येचे, राधाबाईंचे. पैशाअभावी काम अर्ध्यावर थांबले, महाराज १९२२ मध्ये गेले, आणि धरण पूर्ण व्हायला १९५७ उजाडले. आज त्यात सुमारे ८.३६ टीएमसी पाणी मावते.

या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरून पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की पाण्याच्याच दाबाने ते एकेक करून उघडतात आणि पातळी उतरली की आपणहून मिटतात. त्यांना वीज लागत नाही आणि हुकूमही लागत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते. पावसाळ्यात 'तिसरा उघडला' असा फोन राधानगरीतून निघाला की तो पाण्याच्या कितीतरी आधी खाली पोहोचतो, आणि मळीतल्या उपशाच्या मोटारी सोडवायला लोक रात्रीच बाहेर पडतात. नदीकाठच्या शेतकऱ्याला आपली मोटार किती दरवाजांना बुडते हे माहीत असते. फुटांच्या आकड्यापेक्षा त्याला हे माप जवळचे वाटते.

आम्ही गेलो तेव्हा दरवाजे मिटलेले होते आणि तलाव काठोकाठ. पाणी हिरवेकाळे, पलीकडे दाजीपूरचे जंगल. तलावातल्या बेनझीर व्हिला या महाराजांच्या बंगल्याचे अवशेष पाणी खूप उतरल्यावरच नीट पाहता येतात, असे टपरीवरच्या चहावाल्या काकांनी सांगितले. "उन्हाळ्यात येवा, तवा तळं काय काय दाखवतंय बगा," म्हणाले. तलाव उतरल्यावर उघडी पडणारी जमीन कसण्याची पद्धत महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आहे. तिला गाळपेर म्हणतात आणि ती भाडेपट्ट्याने दिली जाते. उतरत्या पाण्याच्या मागोमाग पेरत जायचे आणि चढत्या पाण्याच्या आधी उचलून घ्यायचे. मळीतला शाळू आणि तलावातली गाळपेर या एकाच कुळातल्या गोष्टी आहेत.

धरणावर फोटो काढण्यास मनाई असते. पहारेकऱ्यांशी हुज्जत घालू नये. दाजीपूरला गवे पाहायला जायचे असेल तर पहाटे जावे आणि पावसाळ्यात अभयारण्य बंद असते हे लक्षात ठेवावे.

परतताना दुपारी तीनच्या सुमारास आभाळ एकदम भरून आले. रस्त्याकडेच्या खाचरात एक कुटुंब कापलेले भात गोळा करत होते. थेंब पडू लागताच त्यातल्या आजींनी आम्हाला अशा हक्काने हाक मारली की थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. "आरं पोरांनू, बगताय काय? धरा की भारा!" अर्धा तास आम्ही भारे वाहिले. खाचरांची रचना तिथे पायांना कळली. वरच्या खाचराच्या बांधाला एका कोपऱ्यात तोंड ठेवलेले असते, त्यातून जादा पाणी खालच्या खाचरात उतरते, तिथून त्याच्या खालच्या, आणि शेवटी ओढ्याला. ही तोंडे कोपरा बदलत जातात, त्यामुळे पाणी नागमोडी फिरून सगळ्या रोपांना भेटते आणि बांधही फुटत नाही. एक तोंड कोणी बुजवले तर वरच्याचे भात कुजते आणि खालच्याचे वाळते. म्हणून खाचरांच्या रांगेतली घरे एकमेकांशी बोलणे टाकत नाहीत, निदान लावणी ते कापणी तरी. मी घाईत नेमका एका तोंडावर पाय दिला, ते ढासळले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. आजी हसल्या, आणि नातवाला आधी तोंड नीट करायला लावले, मग मला बाहेर काढायला.

त्यांच्याच घरी नाचणीची भाकरी, झुणका आणि कांदा खाल्ला. जेवणाचे पैसे विचारण्याची चूक भावाने मला करू दिली नाही.

चौथा दिवस: बरगे पडले

सकाळी सातला बंधाऱ्यावर पोहोचलो तेव्हा दहा-बारा जण आधीच पाण्यात होते. रात्रीतून नदी हातभर उतरली होती.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत आडवे ठेवलेले दगडी खांब, त्यांच्यामध्ये माणूस सहज आत जाईल एवढे गाळे आणि वरून बैलगाडी जाईल असा पूल. पावसाळ्यात गाळे रिकामे असतात. पूर त्यांच्यातून जातो, आणि चढलाच तर वरून जातो. 'जिल्ह्यातले इतके बंधारे पाण्याखाली' ही बातमी वाचून बाहेरगावचे लोक घाबरतात, पण पाण्याखाली जाण्यासाठीच तो बांधलेला असतो. अडचण होते ती वरच्या रस्त्याची. खांबांच्या बाजूंना उभ्या खाचा असतात. पावसाळा संपला की त्या खाचांत बरगे आडवे, एकावर एक सरकवतात. पूर्वी ते लाकडाचे असत आणि त्यांच्या दोन रांगा करून मध्ये माती ठासत. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी आहेत. ते कुजत नाहीत, पण चोरीला जातात, ही तक्रार मी चार गावांत ऐकली.

आधी दोघे जण गाळ्यात उतरून खाचांतला गाळ आणि अडकलेले खडे हाताने काढतात. तळाचा बरगा नीट बसला नाही तर वरचे सगळे तिरके जातात, म्हणून त्याला सर्वांत वेळ लागतो. काठाकडच्या गाळ्यांपासून सुरुवात होते आणि मधले दोन-तीन गाळे शेवटपर्यंत उघडे ठेवतात. नदीचा सगळा जोर तेवढ्यातून जातो आणि त्याचा आवाज हळूहळू बारीक होत जातो. फटी बुजवायला माती, गवत, उसाचा पाला आणि नाइलाजाने प्लास्टिकही. कामावरच्या मुकादमांना मी विचारले, "अण्णा, गळती पूर्ण थांबते का?"

"थांबवू बी नये. वरच्या गावाची गळती ती खालच्या गावाचं पाणी. समदं बंद केलं तर खालची माणसं टिकाव घेऊन येत्याली."

भोगावतीवर राशिवडे, हळदी, कोगे आणि पुढे पंचगंगेवर शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी ही बंधाऱ्यांची माळ आहे. एकाची फुगवटी संपते तिथून जवळच दुसऱ्याची सुरू होते, त्यामुळे हिवाळ्या-उन्हाळ्यात ही नदी वाहणारी कमी आणि एकाखाली एक मांडलेल्या लांबट तळ्यांची रांग अधिक असते. राधानगरीतून आवर्तन सुटले की वरचे तळे भरते, मग खालचे, मग त्याच्या खालचे. आजोळच्या गावाला मी नदीकाठचे गाव म्हणत आलो. वर्षातले आठ महिने ते खरे तर तळ्याकाठचे गाव असते.

अकराच्या सुमारास शेवटचा बरगा बसला. मामा काठी टेकत येऊन उभे होते. खालच्या बाजूचे पाणी क्षणभर थबकल्यासारखे झाले आणि पात्रातले खडक एकेक करून डोके वर काढू लागले. पोरे ओरडत त्यांच्याकडे धावली, कारण डबक्यांत मासे अडकतात. वरच्या बाजूला पाणी इतके सावकाश चढत होते की मामांनी काठावर एक काटकी रोवली तेव्हाच ते कळले.

बरगे कधी घालणार हे कुठे जाहीर होत नाही. दिवाळी ते त्रिपुरी पौर्णिमा या काळात यावे, बंधाऱ्याजवळच्या गावात विचारावे आणि एक दिवस हाताशी ठेवावा. चालू कामात पुलावरून वाहन नेऊ नये.

दुपारी निरोप घेऊन प्रयाग चिखलीला गेलो. तुळशी आणि कुंभीचे पाणी घेऊन आलेली भोगावती इथे कासारीला भेटते आणि गुप्त सरस्वती धरून पाच नद्यांची पंचगंगा होते. संगम त्या दिवशी इतका शांत होता की पाच नद्या हे कवींचे काम वाटावे. पण चिखली आणि शेजारची आंबेवाडी ही पुराने सर्वांत आधी वेढली जाणारी गावे. त्यांना उंचावर सोनतळीला प्लॉट मिळाले आहेत. पूर येणार असे दिसले की म्हशी, दुधाच्या किटल्या आणि म्हाताऱ्या माणसांसह गाव सोनतळीला चढते आणि पाणी उतरले की खाली येते.

"मग कायमचंच वर का राहत नाही?" हा बाहेरच्या माणसाचा प्रश्न मीही विचारला. गोठ्यात धारा काढणाऱ्या मावशींनी वर पाहिले नाही. "रान हितं, वैरण हितं, म्हसरांचं पाणी हितं. वर जाऊन रोज खाली यायचं का खाली ऱ्हाऊन वरसातनं एकदा वर जायचं, तुमीच सांगा."

हिशेब म्हणून तो चुकीचा नाही. मात्र पूर वर्षातून एकदाच, वेळेवर आणि चाहूल देऊन येईल हे त्यात धरलेले आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ज्या वेगाने चढले त्याने ते धरणे खोटे ठरवले.

पाचवा दिवस: शिरोळ, काहिली आणि वाडी

पंचगंगेचा खालचा भाग इतका सपाट आहे की नदीला पुढे जायची घाई उरत नाही. नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते, आणि कृष्णा भरलेली असेल तर पंचगंगेचे पाणी मिळण्याऐवजी मागे फुगते. कृष्णेवरच्या, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद इथल्या प्रत्येक पारावर ऐकू येतो. त्याचा निवाडा करण्याइतका माझा अभ्यास नाही. आपल्या पायांना कळणारी गोष्ट एवढीच की कोल्हापूरहून येताना सगळा रस्ता उतारच नसल्यासारखा आहे.

शिरोळ तालुक्यात घराच्या पाठीमागे पालथी घातलेली काहील पाहिली. गुळासाठी उसाचा रस उकळायची ही मोठी पसरट कढई; गुऱ्हाळ बंद पडले तरी घरोघर जपून ठेवलेली. कारण पुरात तीच नाव होते. वैरण, दूध, आजारी माणूस, जे असेल ते तिच्यात बसवून पोहणारे लोक ढकलत नेतात. काठावर आजही काही गुऱ्हाळे चालू आहेत. एका ठिकाणी गरम काकवी दिली, ती भाकरीशिवाय नुसती प्यायल्यामुळे पुढचे दोन तास मला दुसरे काही गोड दिसू नये असे वाटत होते. वाडीची बासुंदी त्यामुळे मला न्याय देता आला नाही. कवठाची बर्फी मात्र बांधून घेतली.

या तालुक्यात पाण्याची दुसरी बाजूही दिसते. वर्षानुवर्षे उसाला पाट सोडून दिला आणि निचऱ्याची वाट ठेवली नाही, त्यामुळे सखलातल्या कित्येक जमिनींवर मिठाचा पांढरा थर आला आहे. गवतही नीट न उगवणारी अशी दोन शेते आम्ही पाहिली. त्यांच्याच पलीकडे एका शेतकऱ्याने जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून पाणी ओढ्याला काढले आहे आणि त्याचा ऊस पुन्हा उभा आहे. तो म्हणाला, "पाणी आनायला आमच्या आज्यानं जेवढा खर्च केला, त्यापेक्षा जास्त मी घालवायला केला." राधानगरीच्या वाटेवरच्या खाचरांतली ती तोंडे मला इथे आठवली. निचऱ्याची वाट तिथे बांधासोबतच ठेवलेली असते, इथे ती दोन पिढ्यांनी विकत घ्यावी लागली.

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिराने पुराशी जो करार केला आहे तो मला सगळ्यांत आवडला. मंदिर संगमाच्या काठी, जवळजवळ नदीच्या पायरीवर. पावसाळ्यात कृष्णा चढली की पाणी आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते. या घटनेला 'दक्षिणद्वार सोहळा' म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक दूरवरून येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजा तिथे चालू राहते. देवाचेही एक सोनतळी आहे, असे भाऊ म्हणाला. घाटावरच्या एका दुकानाच्या भिंतीवर २००५ आणि २०१९ च्या रेघा ओढलेल्या आहेत. त्या पाहण्यासाठी मान वर करावी लागते. दुकानाचा माल त्यांच्या बराच खाली मांडलेला होता.

वाडीला जाताना कोल्हापूरहून एसटी सोयीची आहे. दुपारच्या आरतीच्या आधी पोहोचावे. पौर्णिमेच्या आसपास गर्दी फार असते.

सहावा दिवस: घाटावरची पायरी

त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे चारला उठून पंचगंगा घाट गाठला. थंडी नव्हती, तिसऱ्या दिवशीच्या पावसाचा दमटपणा अजून हवेत होता. घाटाच्या पायऱ्या, दीपमाळा, पाण्यात पाय सोडून बसलेली छोटी देवळे, सगळीकडे पणत्या लागत होत्या. हीच देवळे जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण बुडतात. त्यांच्या कळसावर अडकलेला पाला अजून तसाच होता आणि त्याच्याखाली कोणीतरी तीन पणत्या ठेवल्या होत्या.

आमच्या पुढे एक काकू आपल्या दोन मुलींबरोबर अगदी पाण्यालगतच्या पायरीवर पणत्यांची ओळ मांडत होत्या. राजाराम बंधारा इथून खाली आहे आणि त्याचे बरगे दोन दिवसांपूर्वी पडले होते. ओळ निम्मी झाली तोवर पहिल्या पणत्यांच्या बुडाला पाणी लागले. धाकटी मुलगी घाबरून म्हणाली, "आई, पूर आला!"

"पूर कशाचा गं, बंधारा भरतोय," काकू म्हणाल्या. त्यांनी दोघींच्या हातांत पणत्या दिल्या आणि सगळी ओळ एक पायरी वर मांडायला घेतली.